खेळ राहिला, पार्लर गेलं

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायच्या सगळ्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली, मग तो खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा. तेव्हापासून पुण्यातल्या आमच्या घरी एकच वाद चालू आहे. दादा म्हणतो, सरकारने काम अर्धवट सोडलं, मुलांचे मोबाइलवरचे गेमही त्याच दणक्यात बंद करायला हवे होते. वहिनी म्हणते, बंदीने काय होतं? 2020 मध्ये पबजी बंद केलं, पुढच्या वर्षी ते नाव बदलून परत आलं आणि पोरं पुन्हा त्यावरच. भाचा नववीत आहे. ज्याच्यावरून हे सगळं चालतं तो आतल्या खोलीत हेडफोन लावून बसलेला असतो.

मी टोकियोत राहते आणि हा वाद व्हिडिओ कॉलवर ऐकते. मला दोघांचंही पटतं, तरी एक प्रश्न दोघंही विचारत नाहीत असं वाटतं. मुलाने किती खेळावं यावर आपण रात्र घालवतो. त्याने कुठे खेळावं आणि कुणाबरोबर, हे कुणी बोलतच नाही. याचं मला जास्त वाईट वाटतं, कारण मला जॉयस्टिक धरायला शिकवली ती याच दादाने.

नव्वदच्या दशकात टिळक रस्त्याच्या मागे एका बोळात व्हिडिओ गेम पार्लर होतं. शटरच्या आत चार-पाच लाकडी मशीन, भिंतीला टेकवलेली. रुपयाचं नाणं टाकलं की डाव सुरू. कॅपकॉम या जपानी कंपनीचा 1993 चा डायनासोरवाला खेळ आख्ख्या शहरात 'मुस्तफा' म्हणून चालायचा, त्यातल्या एका पात्राच्या नावावरून. त्याच्या शेजारी स्ट्रीट फायटर, त्याच्यापुढे कायम गर्दी. पुढचा नंबर लावायचा तर काचेखालच्या कडेवर आपला रुपया ठेवायचा. तो रुपया कुणी उचलत नसे. वाड्यातली मुलं, दांडेकर पुलाकडून येणारी मुलं, कॉलेजचे दादा लोक, सगळ्यांचे रुपये त्या कडेवर एका रांगेत. सगळ्यांत भारी खेळायचा तो एका गॅरेजमध्ये काम करणारा मुलगा. त्याचा एक रुपया इतका वेळ टिकायचा की आम्ही सगळे त्याच्या मागे उभे राहून बघत बघत शिकायचो. शाळेत कुणी त्याला पहिल्या बाकावर बसवलं नसतं. तिथे कॉलेजची मुलं त्याला विचारायची, हा बॉस, म्हणजे शेवटचा मोठा शत्रू, कसा मारायचा.

पण मला पार्लरची आरती ओवाळायची नाही. सिगरेटचा धूर असायचा. शाळा बुडवून आलेली मुलं असायची. काही पार्लरांत मागच्या बाजूला जुगाराची मशीन असत हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, आणि पोलिसांच्या धाडी पडत त्या उगाच नव्हेत. शिवाय तिथे मुली नसायच्या. मी दादाचं शेपूट म्हणून आत जात होते, तेही सहावी-सातवीपर्यंतच. त्यानंतर आईने मला मनाई केली. दादाला केली नाही. पार्लरच्या आठवणी काढून आमची पिढी गहिवरते तेव्हा ही गोष्टही सांगितली पाहिजे, कारण निम्म्या पुण्याला त्या आठवणीच मिळाल्या नाहीत.

पुढे पार्लरं गेली. घरातल्या टीव्हीला जोडायचे कॅसेटवाले गेम आले, मग सायबर कॅफेत काउंटर-स्ट्राइक, मग फोन. व्हिडिओ गेमच्या जागांना परवाना लागेल हे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्येच कर्नाटकच्या एका प्रकरणात मान्य केलं होतं. परवाना, शेजाऱ्यांच्या तक्रारी आणि जागेचं भाडं, हे सगळं रुपया-रुपयाच्या गल्ल्यातून भागवणं कठीणच होतं. आता खेळायची मशीन बघायची तर विमाननगरच्या फिनिक्स मॉलमध्ये किंवा हडपसरच्या अमनोरा मॉलमध्ये जा. जागा स्वच्छ, थंडगार, आणि मुली बिनधास्त खेळतात, याचा मला खरोखर आनंद आहे. पण तिथे आधी कार्डात पैसे भरावे लागतात आणि मूल आई-वडिलांबरोबर येतं. गॅरेजमधला मुलगा तिथपर्यंत पोचत नाही. अनोळखी मुलाच्या मागे उभं राहून कुणी खेळ शिकत नाही.

इथे जपानमध्येही पालकांना हीच काळजी होती: शाळकरी मुलं रात्री-अपरात्री गेम सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या पार्लरांत, रेंगाळतात, वाईट संगतीला लागतात. 1984 मध्ये करमणुकीच्या धंद्यांवर नियंत्रण ठेवणारा कायदा दुरुस्त झाला आणि पुढच्या वर्षीपासून गेम सेंटरं त्याच्या कक्षेत आली. पण कायद्याने जागा मारली नाही, तिला वेळ घालून दिली. मध्यरात्रीनंतर सेंटर बंद. टोकियोत सोळा वर्षांखालच्या मुलांनी संध्याकाळी सहानंतर पालकाशिवाय थांबायचं नाही, अठराखालच्यांनी रात्री दहानंतर थांबायचंच नाही. हे दारावर लिहिलेलं असतं आणि कर्मचारी येऊन नम्रपणे सांगतो. बक्षीस म्हणून रोख रक्कम द्यायची नाही. पंज्याने बाहुली उचलायच्या क्रेनच्या मशीनमधल्या बक्षिसाची किंमतही साधारण 1000 येनच्या आत हवी. खेळ कुठे संपतो आणि जुगार कुठे सुरू होतो, हे दुकानदाराला आणि मुलाला दोघांनाही माहीत असतं. 1995 मध्ये फोटोचे स्टिकर काढून देणारी मशीन आली आणि शाळकरी मुलींचे घोळके गेम सेंटरमध्ये येऊ लागले. ते वाचलं तेव्हा मला आईची ती मनाई आठवली.

म्हणून जपानने सगळं जपलं असं मात्र नाही. 1986 मध्ये इथे 26 हजारांहून अधिक गेम सेंटरं होती, 2019 पर्यंत ती सुमारे 4 हजारांवर आली. घरचे कन्सोल आणि फोन ही कारणं आहेतच, पण एक कारण नाण्याचंही आहे. मशीन 100 येनच्या नाण्यावर चालतं. खरेदीवरचा उपभोग कर 1989 मध्ये 3 टक्के होता, 2019 मध्ये 10 टक्के झाला, आणि मालक 110 येन मागू शकत नाही, तसं नाणंच नाही. गेम बनवणाऱ्या सेगासारख्या बड्या कंपनीने 2020 पासून दोन टप्प्यांत हा धंदा विकून टाकला. उरलेल्या सेंटरांचं निम्म्याहून जास्त उत्पन्न क्रेनमधून येतं. तरीही टोकियोतल्या ताकादानोबाबाला मिकादो नावाचं जुन्या खेळांचं सेंटर आहे, तिथे मी जाते. कोविडमध्ये ते बंद पडायला आलं तेव्हा खेळणाऱ्यांनीच वर्गणी काढून ते वाचवलं. ऑफिस सुटलेली टाय घातलेली माणसं आणि विशीतली पोरं तिथे शेजारी बसून खेळतात. एकमेकांची नावंही ठाऊक नसतात.

दादाची भीती मला खोटी वाटत नाही. भाचा रात्री दोन वाजता जागा असतो, चिडचिड करतो, गेममधल्या कपड्यांना पैसे मागतो. पण पार्लरमध्ये खिशातला रुपया संपायचा. रात्री शटर खाली यायचं. त्याआधीच मागून कुणीतरी मोठा म्हणायचा, "बास झालं रे, घरी जा, आई वाट बघत असेल." फोनला शटर नाही आणि मागे कुणी उभं नाही. ही उणीव फोन काढून घेतल्याने भरून निघणार नाही.

नव्या कायद्यात पैशाच्या खेळांवर बंदी आहे, आणि ई-स्पोर्ट्स व साध्या सामाजिक खेळांना प्रोत्साहन देण्याचंही त्यात लिहिलं आहे. माझा त्याला मनापासून पाठिंबा आहे. फक्त ते प्रोत्साहन मोठ्या हॉलमधल्या स्पर्धांवर संपू नये. मुलाला घरापासून चालत जाता येईल अशी जागा हवी. ती पत्र्याच्या शेडमध्ये नको. मे 2024 मध्ये राजकोटच्या गेम झोनला आग लागून लहान मुलांसह 27 जणांचा जीव गेला, ते विसरून कुठलंही दार उघडता येणार नाही. बाहेर पडायला दोन वाटा, अग्निशमन दलाचा दाखला, दारावर वयाची आणि वेळेची पाटी, रोख बक्षीस नाही, आणि गल्ल्यावर एखादी ताई. ताईचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. ती असेल तर मुलींना आत यायला कुणाचं शेपूट व्हावं लागणार नाही.

पुण्यातल्या मंडळांना हे परकं नाही. काही तर तालमींतूनच उभी राहिली, काही अभ्यासिकाही चालवतात. एका खोलीत तीन-चार मशीन ठेवणं त्यांना जड नाही. आमच्या पेठेतल्या मंडळाच्या कार्यकर्त्यांशी मी फोनवर बोलले. पहिला प्रश्न वीजबिलाचा आला, दुसरा पालक काय म्हणतील याचा. वीजबिलाची वर्गणी टोकियोतल्या आम्हा पुणेकरांकडून गोळा करायची तयारी मी दाखवली आहे. पालकांशी बोलायला दादाने जावं असं मी त्याला सांगितलं. तो अजून हो म्हणालेला नाही, पण मशीन कुठून मिळतील, हे त्याने काल आपणहून विचारलं.