‘तीन तास गाडी नुसती उभी ठेवली’ या तुमच्या रिव्ह्यूबद्दल

नमस्कार सर,

आमच्या कार एसीच्या गॅरेजबद्दलचा तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. काकूंना भर दुपारी काचा उघड्या ठेवून नागपूरहून वर्ध्यापर्यंत जावं लागलं, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. नवतपा चालू, 44 डिग्री तापमान, त्यात वयस्कर माणूस. वाईट वाटलं. आमच्या पोराने सुरुवातीला ‘अर्ध्या तासात होऊन जाईल’ असं सांगितलं, ते चुकलंच. त्याला समज दिली आहे.

पण ‘तीन तास गाडी नुसती उभी ठेवली, कुणी हातही लावला नाही आणि फुकटचे 700 रुपये घेतले’ हे जे लिहिलंय, ते वाचून राहवलं नाही. 22 वर्षं हेच काम करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमची वेळ सकाळी 9 ची होती. तुम्ही आलात सव्वाअकराला. त्याबद्दल तेव्हा बोललो नाही, आताही तक्रार नाही, लग्नाच्या घरी उशीर होतोच. 2009 ची वॅगन आर, एसी कमी मारतोय, एवढंच तुम्ही सांगितलंत. आल्या आल्या एसीच्या पाइपांना प्रेशरचे गेज लावले. डॅशबोर्डच्या जाळीतली हवा 19 डिग्री, दोन्हीकडचं प्रेशर कमी. कंडेन्सरचा (गॅसची उष्णता बाहेर टाकणारा भाग) फॅन बरोबर फिरत होता, कॉम्प्रेसरही (गॅस दाबणारा पंप) नीट ओढत होता. कंडेन्सरवर मातीचा थर होता, तो पोराने धुऊन काढला (त्याचे पैसे लावलेले नाहीत, बिल बघा). म्हणजे गॅस कमी, हे दहा मिनिटांत कळलं होतं.

आता इथे गॅस टाकून, 1,800 रुपये घेऊन, बारा वाजता तुम्हाला मोकळं करता आलं असतं. हवा झकास गार लागली असती आणि तुम्ही पाच स्टार देऊन गेला असता. पण एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. कमी झाला म्हणजे कुठून तरी गेला. कुठून गेला ते शोधायचं, तर गाडी उभीच ठेवावी लागते.

आधी आत उरलेला गॅस मशीनमध्ये काढून घेतला. मग बोनेट उघडून गाडी सावलीत अर्धा तास थंड होऊ दिली. तुम्हाला हाच अर्धा तास खटकला. लीक तपासायला आत प्रेशरने नायट्रोजन भरतात आणि प्रेशर उतरतं का ते बघतात. पाइप तापलेले असताना तो भरला, तर ते थंड होतील तसं प्रेशर आपोआप उतरतं, आणि लीक नसताना लीक आहे असं वाटतं. अशा चुकीच्या तपासणीवर लोकांचे चांगले पार्ट बदलले जातात. पावणेएकला 200 पौंड प्रेशरने नायट्रोजन भरला. त्यानंतर करायचं काहीच नसतं, गेजकडे बघत राहायचं. दीड वाजता काटा 182 वर. बाहेरच्या सगळ्या जॉइंटना साबणाचा फेस लावला, एकही बुडबुडा नाही. मग डॅशबोर्डमागे जाणारे दोन पाइप सोडवले आणि कूलिंग कॉइल (जिच्यावरून हवा गार होऊन आत येते ती) एकटी वेगळी तपासली. अर्ध्या तासात ती 200 वरून 160 वर आली. इंजिनकडच्या बाजूचा काटा मात्र जागचा हलला नाही. म्हणजे गळती कॉइललाच. तुमच्या गाडीत केबिन फिल्टर नाही, इतक्या वर्षांची धूळ आणि ओल त्या ॲल्युमिनियमवर बसून ते कुजतं.

हे सगळं ‘हात लावला नाही’ यात बसतं का, तुम्हीच सांगा.

सव्वादोनला मी तुम्हाला कॉइलचं सांगितलं, तेव्हा काकू सहज बोलून गेल्या, ‘अरे, मागच्या महिन्यातच तर गॅस भरला होता ना?’ सर, ही गोष्ट सकाळीच कळली असती, तर मी पहिल्याच मिनिटाला सांगितलं असतं की आज गाडी इथे ठेवा आणि वर्ध्याला दुसऱ्या गाडीने जा. डॅशबोर्ड उतरवायचा म्हणजे एक पूर्ण दिवस जातो.

येताना थोडी तरी हवा गार होती, जाताना तीही बंद, हे तुमचं म्हणणं खरं आहे. पाइप उघडल्यावर पुन्हा गॅस भरण्याआधी किमान अर्धा तास व्हॅक्यूम करून आतली हवा आणि ओल ओढून काढावी लागते आणि तुम्हाला लगेच निघायचं होतं. गॅस काढण्याआधीच मी हे सांगायला हवं होतं. पुढे तसं सांगत जाऊ. भिंतीवर एक बोर्डही लावणार आहे, सांगून ठेवलाय.

700 रुपये तपासणीचे आहेत, कॉइलचं काम इथे केलंत तर ते बिलातून वजा होतात. हे तुम्हाला बोललो होतो, पण तेव्हा तुम्ही रागात होतात. कॉइलच्या कामाच्या 7,400 मध्ये कॉइल, व्हॉल्व्ह, ड्रायर, गॅस आणि मजुरी सगळं आलं. बाहेर विचारून बघा.

आमचा सीझन मार्च ते जूनचा पहिला पाऊस, एवढाच. बाकीचे महिने बॅटरी आणि वायरिंगवर काढतो. काल संध्याकाळपासून दोन जणांनी फोन करून विचारलं, ‘तुम्ही नुसतं बघायचेच 700 घेता का?’ तुमची एक ओळ आम्हाला इतकी महाग पडते. रिव्ह्यू काढा असं म्हणत नाही, पण ‘नुसती उभी’ हे तेवढं बदललंत तर बरं होईल.

तुमच्या गाडीचा कागद माझ्याकडे आहे, त्यावर प्रत्येक रीडिंगसमोर वेळ लिहिलेली आहे. कधीही येऊन बघा. रविवारी दोनपर्यंतच उघडं असतं.