येवा, चित्रकार आपलोच असा

किनाऱ्यावर कोणी बाई स्टूल टाकून, मांडीवर कागदाचं पॅड घेऊन बसलेली दिसली, की आधी तिच्या आणि समुद्राच्या मधोमध जाऊन उभे राहा. तिथून चित्र नीट दिसतं.

मग विचारा, "ओलं आहे का?" उत्तराची वाट बघू नका, बोट लावूनच बघा. वेंगुर्ल्याच्या बंदरावर एका सद्‌गृहस्थांनी हेच केलं. सकाळी साडेसहाला आकाशाचा वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा सपाट थर, टाकला होता. त्या दमट हवेत तो लवकर वाळत नाही, त्यामुळे त्यांना सवड भरपूर मिळाली. त्यांच्या अंगठ्याच्या रेषा अजून माझ्या आकाशात आहेत, डोंगराच्या जरा वर.

"आमची मुलगीपण छान काढते" हे सांगायला विसरू नका.

कलेतलं कळतं हे दाखवायचं असेल तर रविवर्म्याचं नाव घ्या. "ती हातात दिवा धरलेली बाई, तसं जमतं का?" ती बाई रविवर्म्याची नाही. सावंतवाडीत १८८२ साली जन्मलेल्या सावळाराम हळदणकरांनी पोटच्या मुलीला समोर उभं करून ती काढली, तीही जलरंगात, जिथे चुकलेलं पुसता येत नाही. म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. पण हे कोणी सांगायला लागलं तर "असेल, असेल" म्हणून पुढे चालू लागा.

कोकणात कशी आलीस, हे मात्र विचारू नका. तिकिटाचं नको, हायवेचं तर नकोच.

आता खरी गंमत. समजा तुम्ही माडांच्या बागेत चार खोल्या बांधून बाहेर रिसॉर्टची पाटी लावली आहे. समुद्राकडची भिंत मोकळी आहे. चित्रकर्तीला फोन लावा. "ताय, तुमका कितीसो येळ लागतलो? हात मारल्यान की झाला! रवाची-जेवची सोय आमच्याकडे." पैशांचा विषय निघालाच तर म्हणा, "अहो, मुंबई-पुण्याचे लोक येतात, फोटो काढतात, तुमचंच नाव होईल." गिलावा दसऱ्याला झालेला असावा आणि उद्घाटन दिवाळीला. सिमेंटचा गिलावा पाणी मारून मुरायला, मग आतून वाळायला महिनाभर जातो, तोवर त्यावर रंग धरत नाही, असं ती म्हणेल. तिला म्हणा, "वरून सुकलाय की!" ठरलं होतं फक्त समुद्र आणि सूर्यास्त. दुसऱ्या दिवशी चहाबरोबर डॉल्फिन सुचवा. उडता हवा. संध्याकाळी सिंधुदुर्ग किल्ला. मग दशावतारातला संकासुर, कारण पाहुण्यांना आपली संस्कृती कळली पाहिजे. आणि पिंगुळीची चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत सांगायची कथा, जिच्या पोथ्या ठाकर घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपल्या, तीही "वरच्या कोपऱ्यात थोडीशी" बसवायला सांगा. चार दिवसांचे सात झाले तरी हरकत नाही, थाळी आहेच. पहिल्या दिवशी सुरमई, तिसऱ्या दिवशी बांगडा, सहाव्या दिवशी सोलकढी संपलेली.

नाव भिंतीवर घालू देऊ नका. तिथे वायफायचा पासवर्ड लावायचा आहे.

आणि मग सगळ्यात महत्त्वाचं. मागच्या आठवड्यात मला जो फोन आला, तो तुम्हीही अवश्य करा. "ताई, तुमच्या डॉल्फिनचे पोपडे पडतायत. पाहुणे हसतात. येऊन जरा टच-अप करून द्या. जेवण आहेच."

माझ्या डॉल्फिनचे? अहो, गिलावा कच्चा होता! ओली भिंत आतला क्षार बाहेर ढकलते, तो रंगाला मागून उचलतो. हे मी पहिल्या दिवशी भिंतीला हात लावून सांगितलं होतं, तुमच्या गवंड्यानेही मान हलवली होती. त्या गवंड्याला रोजच्या रोज हजेरी दिलीत ना? चिरे नगावर मोजून घेतलेत, ट्रकवाल्याला जागेवर पैसे दिलेत. वायरमनला विचारलंत का, की बटणं बसव, लोक दाबतील, तुझं नाव होईल? मग माझ्याच वेळी जेवणावर कसं भागतं? वीस वर्षं ब्रश धरतेय. कागद, रंग, प्रवास, पाठदुखी सगळं माझ्या खिशातून जातं. माझ्या घरीही भात शिजतो, तो खायला मला तुमच्याकडे यावं लागत नाही.

भिंत खरवडून काढा. प्लास्टर पुरतं वाळू दे, त्यावर क्षाराला टिकणारा प्रायमर मारून घ्या. त्यानंतर फोन करा. दर चौरस फुटावर, अर्धी रक्कम आगाऊ, येण्याजाण्याचा खर्च वेगळा. आणि डॉल्फिनचे जास्तीचे पैसे पडतील.