गोल्डफिंच गेला कुठे? कुठेच नाही

न्यू जर्सीतल्या आम्हा मराठी मंडळींत दर सप्टेंबरात एक फॉरवर्ड फिरतो: ‘पिवळा गोल्डफिंच पक्षी दक्षिणेला गेला, दाण्यांचा फीडर उतरवून ठेवा. उन्हाळ्यात थिसलचं बी घाला, पिल्लांसाठी वाळक्या अळ्या ठेवा.’ यातलं एकही धड नाही.

दक्षिणेला जाण्याचं आधी बघू. कॅनडाकडचे थवे थंडीत खाली सरकतात, पण न्यू जर्सीत हा पक्षी बारा महिने असतो. १९३५ पासून राज्यपक्षीच आहे तो. जातो तो त्याचा रंग. उन्हाळा सरताना नर पिसं टाकतो, लिंबासारखा पिवळा रंग मातकट होतो, कपाळावरची काळी टोपीही जाते. जानेवारीत माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर अशा सात-आठ ‘चिमण्या’ फीडरला लटकलेल्या असतात. नीट बघा: पंख काळे, त्यावर फिकट पट्टे, पाठीवर चिमणीसारख्या रेघा नाहीत. उडताना लाटेसारखा वर-खाली होतो आणि ओरडतो, त्यात इथल्या लोकांना ‘पो-टे-टो-चिप’ ऐकू येतं. मला अजून नुसतं चिवचिवच ऐकू येतं, ते सोडा.

आता ‘थिसल’, म्हणजे एक काटेरी रानझाड. पिशवीवर तसं छापलेलं असलं तरी आतलं काळं, बारीक बी म्हणजे आपले कारळे! खुरासणी म्हणा हवं तर. इगतपुरीकडे पिवळ्या फुलांनी शेतं भरतात तीच. अमेरिकेत ते इथिओपिया, भारत अशा देशांतून येतं आणि सोबतच्या तणाच्या बिया रुजू नयेत म्हणून आधी तापवतात. जुनं झालं की वाळतं. दोन दाणे नखाखाली चिरडा: तेल लागलं तर ताजं, नुसता भुगा झाला तर पक्षी ढुंकून पाहणार नाहीत. माझा फीडर मागे महिनाभर काठोकाठ भरलेला होता आणि पक्षी सगळे शेजाऱ्यांकडे.

अळ्या ब्लूबर्ड खातील. गोल्डफिंच जवळजवळ पक्का शाकाहारी, पिल्लांनाही बियाच भरवतो. त्यामुळे दुसऱ्यांच्या घरट्यात अंडी घालणाऱ्या काऊबर्डने त्याच्या घरट्यात अंडं घातलं, तरी ते पिल्लू त्या खाण्यावर फार दिवस जगत नाही. पिल्लांना बियाच लागतात म्हणून तर बाकी पक्ष्यांची पिल्लं उडायला लागली तरी याचं घरटं जून-जुलैत, बिया धरू लागल्यावर.

फीडर राहू द्या. फक्त दर दोन आठवड्यांनी धुवून, कोरडा करून भरा. ओल्या कारळ्यांना बुरशी लवकर धरते.