‘मेलेली मंडळी’: कोपरखैरण्याहून एक उत्तर

एकच मेसेज गेल्या महिन्यात मला सात जणांनी पाठवला. ठाण्यात कोपरीला राहणाऱ्या चुलतभावाने, बेलापूरच्या मेव्हणीने, आमच्याच मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, ग्रुपवर दोघांनी. मथळा असा: ‘मेथडिस्ट मंडळी का मेली? जिवंत मंडळीत या.’ खाली सहा मुद्दे. पाळक हे बदलीचे नोकर, त्यांना मेंढरांची माया नाही. प्रार्थना पुस्तकातून वाचतात, म्हणजे आत्मा नाही. तान्ह्या बाळांना बाप्तिस्मा देतात. सुवार्ता, म्हणजे येशूचा संदेश, सोडून समाजसेवा करतात. सगळं परदेशी पैशावर चालतं. आणि शेवटचा, तरुण कधीच निघून गेले.

उत्तर लिहायला बसलो, कारण त्या सातांतला एक मुलगा माझ्या संडे स्कूलचा. तेविसावं स्तोत्र त्याने पहिल्यांदा माझ्यासमोर पाठ म्हटलं. आता तो घणसोलीत एका फेलोशिपमध्ये, म्हणजे एका नव्या स्वतंत्र मंडळीत, गिटार वाजवतो. तिथे तो मनापासून प्रार्थना करत असेल तर मी देवाचे आभार मानतो. पण ज्या घरात तो वाढला ते मेलं असं तो चारचौघांत सांगत असेल, तर त्या घराचा पाया कशावर आहे एवढं तरी त्याने ऐकून घ्यावं.

बदलीपासून सुरुवात करतो, कारण तो मुद्दा आमच्यातल्याही पुष्कळांना पटतो. हो, आमच्या पाळकांची बदली होते. वार्षिक कॉन्फरन्समध्ये बिशप नेमणुका वाचून दाखवतात आणि पाळकांच्या घरी बांधाबांध सुरू होते. मुलांच्या शाळा, पाळकीणबाईंची नोकरी, म्हाताऱ्या आईचा दवाखाना, सगळं नव्याने शोधायचं. ‘बदलीचे नोकर’ लिहिणाऱ्याने एकदा तो टेम्पो भरायला यावं.

ही रीत आली कुठून? ज्यांच्यापासून मेथडिस्ट पंथ सुरू झाला ते जॉन वेस्ली हे चर्च ऑफ इंग्लंडचे दीक्षित पाळक. एकेक चर्च त्यांना उपदेशाचं व्यासपीठ नाकारू लागलं, तेव्हा २ एप्रिल १७३९ ला ब्रिस्टलमध्ये ते उघड्यावर उभे राहिले. किंग्जवुडच्या कोळसा खाणींतल्या मजुरांना चर्चमध्ये कोणी बोलवत नव्हतं. वेस्ली त्यांच्याकडे गेले. १७४२ साली स्वतःच्या गावी, एपवर्थला, चर्चमध्ये बोलू दिलं नाही, म्हणून आवारातल्या वडिलांच्या थडग्यावर उभं राहून त्यांनी उपदेश केला. पुढे सगळं आयुष्य घोड्यावर गेलं, सुमारे अडीच लाख मैलांचा प्रवास. एका पत्रात ते लिहितात की मी एकाच जागी वर्षभर उपदेश केला तर मलाही झोप येईल आणि मंडळीलाही. आमचा पाळक एका जागी मुक्काम ठोकत नाही तो या घोड्यामुळे. बदली चुकीच्या वेळी होऊ शकते, रुजत आलेलं काम मधेच तुटू शकतं, हे मी नाकारणार नाही. पण ज्याच्यात माया नाही तो माणूस दर काही वर्षांनी अनोळखी लोकांच्या मयतीला आणि बारशाला उभा राहायला तयार होत नाही.

मग पाळक गेल्यावर मेंढरं कोण राखतं? मेसेज लिहिणाऱ्याला हे ठाऊक नसावं आणि दोष थोडा आमचाही आहे, कारण आम्हीच ते विसरत चाललो आहोत. १५ फेब्रुवारी १७४२ ला ब्रिस्टलमध्ये सभागृहाचं कर्ज कसं फेडायचं यावर बैठक चालली होती. कॅप्टन फॉय नावाचे गृहस्थ म्हणाले, प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. कोणीतरी म्हटलं, पुष्कळ जण गरीब आहेत, त्यांना तेवढीही झेपणार नाही. त्यावर फॉय म्हणाले, सगळ्यांत गरीब अकरा जण माझ्याकडे द्या. ज्याला जमेल तो देईल, ज्याला जमणार नाही त्याची मी भरीन. अशा बारा-बारा जणांच्या गटांचे पुढारी दर आठवड्याला घरोघर पेनी गोळा करायला जाऊ लागले आणि गेल्यावर दिसू लागलं, कुठे नवरा पितो, कुठे चूल पेटलेली नाही, कुठे मूल आजारी आहे. कर्जफेडीच्या वसुलीतून आत्म्याची राखण सुरू झाली. याच गटांना ‘क्लास’ म्हणतात, आम्ही वर्ग म्हणतो.

माझा वर्ग नऊ घरांचा आहे. माथाडींच्या घरांपासून स्टेशनपर्यंत. वाशी मार्केटमध्ये हमाली करून निवृत्त झालेले एक काका, दोन नर्स, एक रिक्षावाला, अहमदनगरकडून आलेलं एक नवं जोडपं. दर बुधवारी रात्री एका घरी जमतो. आधी प्रत्येकाने सांगायचं, आठवडा कसा गेला. मग वचन, मग प्रार्थना, मग चहा. गेल्या तेरा वर्षांत तीन पाळकसाहेब आले आणि गेले. बुधवार चुकलेला नाही.

पैशाचा मुद्दा इथेच घेतो, कारण त्या पेनीशी त्याचा संबंध आहे. मुंबईतलं मेथडिस्ट काम परदेशी मंडळाच्या पैशावर उभं राहिलेलंच नाही. विल्यम टेलर १८७१ च्या अखेरीस मुंबईत आले, त्यांनी लोकांच्या घरांतून प्रार्थनागट बांधले, आणि त्यांचा हट्टच होता की इथली मंडळी इथल्या लोकांच्या अर्पणावर चालावी. त्यांना येऊन मिळालेले जॉर्ज बोवेन १८४८ पासून मुंबईत होते. मिशनचा पगार सोडून, अगदी कमीत कमी खर्चात वस्तीत राहणारा माणूस. म्हणजे ‘घरातल्या फेलोशिप’ची जी नवलाई आज सांगितली जाते, ती या शहरात आमच्याच लोकांनी दीडशे वर्षांपूर्वी सुरू केली.

इतरत्र अमेरिकेतून पैसा आला, शाळा-दवाखाने उभे राहिले, ते लपवण्याचं कारण नाही. पण तो कोणाचा पैसा होता? १८६९ साली बॉस्टनमध्ये काही मेथडिस्ट बायकांनी एक संस्था काढली. तिचं ब्रीदच होतं, आठवड्याला दोन सेंट आणि एक प्रार्थना. त्या पैशांतून १८७० साली इझाबेला थोबर्न आणि डॉ. क्लारा स्वेन भारतात आल्या. एकीने लखनौच्या अमिनाबादेत सहा मुलींवर शाळा सुरू केली, तिचं पुढे कॉलेज झालं. दुसरीने बरेलीत बायकांसाठी दवाखाना काढला, कारण पुरुष डॉक्टरला नाडी दाखवण्याऐवजी बायका मरण पत्करत होत्या. हा ‘परदेशी पैसा’ ज्याला खुपतो त्याने ते दोन सेंट डोळ्यांसमोर आणावेत. १९८१ पासून मेथडिस्ट चर्च इन इंडिया स्वायत्त आहे, आमचे बिशप आम्हीच निवडतो. आणि आमच्या कोपरखैरण्याच्या हॉलचं भाडं रविवारच्या थैलीतून जातं. थैली मीच मोजतो.

आता छापील प्रार्थना. नव्या वर्षाच्या आरंभी आम्ही कराराची उपासना करतो. वेस्लींनी ती १७५५ साली लंडनमध्ये घेतली, तेव्हापासून चालत आली आहे. त्यातल्या प्रार्थनेत माणूस देवाला म्हणतो की मी आता माझा नाही, तुझा आहे; मला कामाला लाव किंवा बाजूला बसव. काही वर्षांपूर्वी आमच्यातल्या एका भावाची ठाणे-बेलापूर रस्त्यावरची कंपनी डिसेंबरात बंद झाली. वय बावन्न, दोन मुली शिकत होत्या. जानेवारीच्या त्या रविवारी तो माझ्या शेजारी उभा होता. ‘बाजूला बसव’ या शब्दांपाशी त्याचा आवाज गेला. थोडं थांबून त्याने ते वाक्य एकट्याने पूर्ण केलं, तोवर सगळी मंडळी गप्प उभी होती. स्वतःच्या शब्दांत त्याला त्या दिवशी प्रार्थना करता आली नसती, त्याच्याकडे शब्दच उरले नव्हते. पुस्तकाने त्याला ते दिले. उत्स्फूर्त प्रार्थना आम्हीही करतो, बुधवारी तीच असते. पण वाचलेल्या प्रार्थनेत आत्मा नसतो असं म्हणणाऱ्याने रोज म्हणायच्या स्तोत्रांचं काय करायचं तेही सांगावं. तीही लिहिलेलीच आहेत.

आत्म्याचाच विषय निघाला आहे तर एक गोष्ट त्या मुलाला मुद्दाम सांगायची आहे. मिनी अब्राम्स नावाची एक मेथडिस्ट मिशनरी १८८७ साली मुंबईत आली. पुढे ती केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये कामाला लागली. १९०५ साली तिथे जागृती झाली. मुली रात्ररात्र रडत, गात, प्रार्थना करत होत्या. अब्राम्सबाईंनी त्या अनुभवावर एक पुस्तिका लिहिली आणि ती चिलीतल्या आपल्या जुन्या वर्गमैत्रिणीला पाठवली. मैत्रिणीचे पती व्हालपाराइसो शहरात मेथडिस्ट पाळक होते. १९०९ साली तिथल्या मेथडिस्ट मंडळीत जागृती झाली आणि त्यातून चिलीची पेंटेकॉस्टल चळवळ उभी राहिली. तिथल्या मेथडिस्ट वरिष्ठांना ती झेपली नाही, मंडळी फुटली, ही आमची चूक मी मान्य करतो. पण ज्या आगीच्या नावाने आज आम्हाला मेलेले म्हणतात, तिची एक ठिणगी पुण्याजवळच्या केडगावातून एका मेथडिस्ट बाईच्या हातून गेली होती.

बाळांच्या बाप्तिस्म्याबद्दल फार लिहीत नाही. प्रेषितांच्या कृत्यांच्या सोळाव्या अध्यायात लुदियेचा तिच्या घराण्यासह आणि तुरुंगाच्या अधिकाऱ्याचा घरच्या सर्वांसह बाप्तिस्मा झाला. त्या घरांत बाळं होती की नव्हती यावर शतकानुशतकं वाद चालू आहे. आम्ही मानतो की मुलाला काही कळण्याआधी देवाची कृपा त्याच्याकडे आलेली असते; मोठं झाल्यावर तो मंडळीसमोर उभा राहून स्वतःच्या तोंडाने कबुली देतो. दुसरी बाजू मानणाऱ्यांना मी कधी मेलेलं म्हटलेलं नाही.

‘सुवार्ता सोडून समाजसेवा’ हा मुद्दा मला सगळ्यांत जास्त लागला. १७४३ साली वेस्लींनी आपल्या लोकांना जे नियम घालून दिले, त्यांत वाईट टाळण्यापाठोपाठ भलं करणं आहे, आणि भलं म्हणजे काय तेही लिहिलं आहे: भुकेल्याला अन्न, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याची आणि तुरुंगातल्याची भेट. लंडनमध्ये त्यांनी गरिबांसाठी मोफत औषधं आणि छोट्या उसनवारीचा निधी सुरू केला. जानेवारी १७८५ मध्ये, वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी, घोट्यापर्यंत वितळलेल्या बर्फातून ते पाच दिवस लंडनभर हात पसरत फिरले आणि गरिबांच्या कपड्यांसाठी २०० पौंड जमवले. हा माणूस सुवार्ता सोडून समाजसेवा करत होता असं कोणी म्हणेल का?

आमचं काम त्याच्यापुढे काहीच नाही, पण ते काय आहे ते सांगतो. खारघरच्या टाटा केंद्रात कॅन्सरच्या उपचाराला लांबलांबून माणसं येतात. पेशंटला बेड मिळतो, सोबतच्या माणसाची पथारी कुठेतरी जिन्याखाली. आमच्या महिला मंडळाने दर गुरुवारी चाळीस डबे न्यायला सुरुवात केली. पोळ्या, डाळ, एक भाजी, तिखट कमी, कारण केमोनंतर पेशंटच कधीकधी सोबतच्या माणसाच्या डब्यातला घास मागतो. पहिल्या वर्षी आम्ही डब्यात वचनाची चिठ्ठी घालायचो. मग पाळकीणबाई म्हणाल्या, भुकेला माणूस चिठ्ठी बघून घाबरतो, त्याला वाटतं जेवणाची काहीतरी किंमत आहे. चिठ्ठी बंद केली. त्यानंतर माणसं आपणहून बोलू लागली. बुलढाण्याच्या एका आजोबांनी विचारलं, तुम्ही हे का करता? आमच्या लीलाताईंनी, वय अडुसष्ट, फक्त एवढंच सांगितलं की माझे मालक याच आजाराने गेले, आणि त्या दिवसांत येशू माझ्याजवळ बसून होता. आजोबा म्हणाले, माझ्या नातवासाठी त्याला सांगा. त्या दोघांनी जिन्यात प्रार्थना केली. ते ख्रिस्ती झाले नाहीत, आम्ही विचारलंही नाही. याला जो सुवार्ता म्हणत नाही, त्याच्याशी माझं जुळणार नाही.

आणि तरुण. हो, गेले. सगळे नाही, पण पुष्कळ. संडे स्कूलची एके काळची सव्वीस मुलं मी मोजून सांगू शकतो: काही पुण्यात, काही आखातात, काही घरी झोपलेली, सात तुमच्या फेलोशिपमध्ये. यात आमचा दोष आहे. आम्ही त्यांना गाणी शिकवली पण वर्ग दिला नाही, थैली मोजायला बसवलं नाही, मंडळीतल्या निवडणुकांची भांडणं मात्र त्यांच्यासमोर केली. थॉमस मॅक्सफिल्ड हा दीक्षा नसलेला तरुण न विचारता उपदेश करू लागला तेव्हा वेस्ली संतापून त्याला थांबवायला निघाले होते. त्यांची आई सुझाना म्हणाली, जपून; तुझ्याइतकंच देवाने त्यालाही बोलावलं आहे, आधी त्याचं ऐक. वेस्लींनी ऐकलं आणि त्यातून सामान्य माणसांनी उपदेश करण्याची रीत सुरू झाली. आमच्या घरात गेली काही वर्षं असं म्हणणारी आई कमी पडली. या वर्षी मी माझ्या वर्गाचं पुढारीपण त्या दोन नर्सपैकी धाकटीकडे दिलं आहे. ती चोवीस वर्षांची आहे आणि माझ्यापेक्षा बरे प्रश्न विचारते.

बाळा, तू हे वाचशील हे मला माहीत आहे. तुझी फेलोशिप सोड असं मी म्हणणार नाही. गुरुवारी संध्याकाळी साडेपाचला आम्ही खारघर स्टेशनच्या बाहेर रिक्षात डबे चढवतो. लीलाताईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे दोन महिने एक माणूस कमी आहे.