शिजवावं न लागणारं आधी भरा

आणीबाणीसाठी घरात काय साठवावं यावरचा एक लेख वाचला. महिनाभराचे तांदूळ, तूरडाळ आणि कणीक भरून ठेवा, हा त्यातला सल्ला पुराच्या गावांना लागू पडत नाही. 22 जुलै 2021 ला चिपळूणमध्ये पाणी भरलं तेव्हा आम्ही वरच्या मजल्यावर तांदळाचा डबा घेऊन बसलो होतो, पण सिलिंडर खाली पाण्यात आणि वीज गेलेली. भात शिजवणार कशावर? भागलं ते फुटाणे, शेंगदाणे आणि गुळावर.

म्हणून न शिजवता खाता येईल ते आधी भरा. सोलापूरकडची कडक भाकरी नीट वाळलेली असेल तर सहज टिकते, शेंगाचटणीबरोबर पोटभर होते. सातूचं पीठ गूळपाण्यात कालवलं की झालं, दात नसलेल्या आजीआजोबांनाही चालतं. हे सगळं स्वस्तात मिळतं, महागडी पाकिटं कशाला? फक्त कोकणातल्या दमट हवेत कुरमुरे सादळतात, शेंगदाणे खवट होतात. घट्ट झाकणाच्या डब्यात माळ्यावर ठेवा आणि अधूनमधून खाऊन नवे भरा. आणि पिण्याच्या पाण्याचा लेखात उल्लेखच नाही! सातू कालवायलाही पाणी लागतं, त्याचे कॅन आधी वर चढवा.