तान्ह्या बाळाची घुरघुर म्हणजे कफ नव्हे

'बाळ घुरघुरतं म्हणजे छातीत कफ. मध-वेखंड चाटवा, कापराचं तेल चोळा, पालथं झोपवा, आपोआप जातं.' हा मेसेज आता माझ्या भाचीपर्यंत पोचलाय. तिचं बाळ दीड महिन्याचं आहे, म्हणून हे लिहिणं भाग आहे.

पहिल्या काही आठवड्यांत सुरू झालेला, श्वास आत घेताना येणारा चिरका आवाज बहुधा स्वरयंत्रातला असतो. सर्वांत जास्त आढळणारं कारण म्हणजे लॅरिंगोमलेशिया. स्वरतंतूंच्या वरचा मऊ भाग श्वासाबरोबर आत ओढला जातो. उताणं असताना, रडताना, दूध पिताना आवाज वाढतो. कफ नाहीच, मग चाटण कशावर देताय?

आणि मध? १ वर्षाच्या आत बोटभरसुद्धा नाही! त्यात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते सहसा वाढत नाहीत, तान्ह्यांच्या आतड्यात वाढून विष तयार करतात. घरी उकळूनही ते मरत नाहीत, त्यामुळे 'गावाकडचा शुद्ध मध आहे' याला काही अर्थ नाही. आधी शी अडते, मग दूध ओढणं मंदावतं, रडणं क्षीण होतं, मान सावरत नाही आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. ज्याची श्वासाची वाट आधीच अरुंद, त्या बाळाला हे द्यायचं?

कापराने लहान मुलांना झटके येऊ शकतात. विषय संपला.

पालथं ठेवल्यावर आवाज कमी होतो, हे मात्र मान्य करावं लागतं. पण झोपेत पालथं ठेवल्याने अचानक मृत्यूचा धोका वाढतो. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सच्या २०२२च्या सूचना स्पष्ट आहेत: १ वर्षापर्यंत प्रत्येक झोप पाठीवर, दूध उलटून येणाऱ्या बाळांचीही. डॉक्टरांनी त्या बाळापुरतं वेगळं सांगितलं असेल तरच अपवाद. जागेपणी, डोळ्यांसमोर पालथं चालेल.

'आपोआप जातं' हेही अर्धंच खरं. लॅरिंगोमलेशिया बहुतेक मुलांत १२ ते २४ महिन्यांत जातो, पण तोच आहे हे पाहिलं कुणी? एका स्वरतंतूला लकवा असेल तर रडणं घोगरं आणि दूध पिताना ठसका. हृदयाच्या ऑपरेशननंतर हे होऊ शकतं. दोन्हींना असेल तर रडणं अगदी नेहमीसारखं असू शकतं, श्वास मात्र कठीण, आणि घरचे इथेच फसतात. कान-नाक-घसा तज्ज्ञ नाकातून बारीक लवचीक दुर्बीण घालून काही मिनिटांत बघतात, बहुधा भूल न देता. जाताना बाळाची छाती उघडी ठेवून आवाजासकट व्हिडिओ घ्या.

वजन वाढत नसेल तर त्याच आठवड्यात दाखवा. गळ्याखाली किंवा फासळ्यांखाली खड्डा पडत असेल, ओठ निळे पडले, श्वास मध्येच थांबला, तर मध्यरात्र असली तरी १०८ लावा.