‘लुटतात, मुंबईतूनच घ्या’ या अभिप्रायाला आमच्या रत्नागिरीच्या परकीय चलन काउंटरचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुम्ही एक तारा देऊन जे लिहिलंत त्याचा गोषवारा असा: गूगलवर दर बघून आलो तर इथे बाथमागे (थायलंडच्या चलनामागे) जास्त लावला, वर जीएसटी. पासपोर्ट, पॅन, तिकीट सगळं मागतात आणि वर रोख घेत नाहीत. वीस-वीसचे सुट्टे डॉलर मागितले तर शंभराच्याच नोटा दिल्या. परत आल्यावर उरलेले बाथ कमी दराने घेतले, नाणी तर घेतलीच नाहीत. त्यापेक्षा पटायाचं हॉटेल बरं, कार्ड मशीनवर सरळ रुपयांत आकडा दाखवला. लुटतात, मुंबईतूनच घ्या.

तुमच्या पावतीची प्रत आमच्याकडे आहे, पण तिच्यातले आकडे इथे टाकणार नाही. तुमचा व्यवहार चारचौघांत मांडायचा मला अधिकार नाही. जे सगळ्यांना लागू आहे तेवढंच बोलतो, कारण दिवाळीच्या सुट्टीत रत्नागिरीतून थायलंड-व्हिएतनामला निघणारी बरीच मंडळी हे वाचणार आहेत.

गूगलवर दिसतो तो बाजारातला मधला दर. बँका एकमेकींशी मोठमोठ्या रकमांचे सौदे करतात त्या खरेदी आणि विक्रीच्या भावांच्या मधोमध तो असतो, आणि ते सौदे खात्यावरचे असतात, नोटांचे नाहीत. त्या भावात तुम्हा-आम्हाला हातात नोट मिळत नाही. हापूसच्या पेटीचा वाशी मार्केटचा भाव बघून मारुती मंदिरच्या नाक्यावर कुणी डझनाचा हिशेब मांडत नाही, तसंच हे. नोट मुंबईतून आणावी लागते, तिचा विमा असतो, ती तिजोरीत पडून राहते आणि तोवर भाव खाली गेला तर तोटा आमचा. हे सगळं दरात येतं. किती यावं यावर जरूर भांडा, पण येऊच नये असं म्हणू नका.

आता बाथच का महाग वाटला ते सांगतो. आपल्या पट्ट्यातून घरटी कुणी ना कुणी दुबई, मस्कत, सौदीला आहे, नाहीतर बोटीवर. ती माणसं सुट्टीवर येतात तेव्हा दिरहम, रियाल, डॉलर घेऊन येतात आणि आमच्याकडे मोडतात. उमराला जाणारे तोच सौदी रियाल आमच्याकडून घेतात. म्हणजे ही चलनं गावातल्या गावात फिरतात, त्यामुळे खरेदी-विक्रीतला फरक कमी ठेवता येतो. बाथ घेऊन रत्नागिरीत कोण येतो? कुणी नाही. तो खास मागवावा लागतो. व्हिएतनामच्या डाँगची तर गोष्टच सोडा. डाँगसाठी इथे धडपडू नका, डॉलर न्या आणि हनोईत बदला. (तिथे गेल्यावर एक सांभाळा: वीस हजारांची आणि पाच लाखांची नोट, दोन्ही निळ्या. टॅक्सीवाल्याला अंधारात देताना शून्यं मोजा.) म्हणूनच तुम्हाला काउंटरवर सुचवलं होतं की पोहोचल्यावर टॅक्सी, जेवण, सिमकार्डापुरते बाथ इथून घ्या आणि बाकी डॉलर. तुम्हाला ते ‘अर्धवट चलन दिलं’ असं वाटलं.

शंभराच्या नोटांचंही तेच. इथे आपल्याला वाटतं सुट्टे बरे. पण बँकॉकच्या एक्स्चेंजच्या दुकानात दराच्या पाटीवर डॉलरच्या तीन-तीन ओळी असतात. शंभर आणि पन्नासच्या नोटेला सगळ्यांत चांगला भाव, वीस-दहा-पाचला त्याहून कमी, दोन-एकला अजून कमी. तुम्हाला वीसच्या दिल्या असत्या तर आमचं काहीच गेलं नसतं, उलट छोट्या नोटा खपल्या असत्या. गेलं असतं ते तुमचं, तिकडे. आणि देताना प्रत्येक नोट दिव्याखाली धरून, निळ्या पट्टीवरून अंगठा फिरवून, घडीचे कोपरे सरळ करून दिली, त्याला तुम्ही ‘वेळकाढूपणा’ म्हटलंय. पेनाने आकडा लिहिलेली किंवा कडेला जराशी फाटलेली नोट तिथला माणूस एक शब्द न बोलता परत सरकवतो. मग ती नोट तुम्ही गावभर फिरवत बसता.

कागदपत्रांबद्दल फार लिहीत नाही. रिझर्व्ह बँकेच्या परवान्यावर दुकान चालतं आणि नियम सगळीकडे सारखेच आहेत. 50,000 रुपयांच्या वरची रक्कम रोखीने घेता येत नाही, चेकने किंवा बँकेतून द्यावी लागते. नोटांच्या रूपात माणशी एका प्रवासाला 3,000 डॉलरपर्यंत (हज-उमरा आणि काही मोजक्या देशांना वेगळी मुभा आहे), म्हणून प्रत्येकाचा पासपोर्ट वेगळा लागतो. प्रवासाच्या 60 दिवस आधीपासून घेता येतं, म्हणून तिकीट बघतो. तुम्ही लिहिलंत की शेजारचा मुलगा बोटीवर आहे, तो ‘काहीही न विचारता’ डॉलर देत होता. साहेब, ते जाहीर लिहिलंत म्हणून जाहीर सांगतो: परवाना नसलेल्या माणसाकडून परकीय चलन विकत घेणं हा फेमा (परकीय चलन व्यवस्थापन) कायद्याचा भंग आहे, आणि दंड गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत होऊ शकतो. तो मुलगा बिचारा चांगल्या मनानेच म्हणाला असेल. त्याला सांगा, आमच्याकडे मोडायला ये.

जीएसटी 18 टक्के ऐकून माणूस दचकतो. तो तुमच्या पूर्ण रकमेवर नसतो. लाखापर्यंतच्या व्यवहारात रकमेचा एक टक्का (कमीत कमी 250 रुपये) हे मूल्य धरतात आणि त्यावर 18 टक्के. 90,000 रुपयांचं चलन घेतलं तर 900 वर 18 टक्के, म्हणजे 162 रुपये. हा सरकारजमा होतो.

आता पटायाच्या हॉटेलकडे येतो, कारण खरं लिहायचं ते याच्यासाठीच.

मशीनवर ‘रुपये की बाथ’ असं विचारलं आणि तुम्ही रुपये निवडलेत. आकडा ओळखीचा दिसला, बरं वाटलं. पण त्या क्षणी तुमच्या बँकेचा दर बाजूला पडला आणि मशीन चालवणाऱ्या कंपनीने स्वतःचा दर लावला. त्या दरात त्यांचा नफा आधीच मुरलेला असतो, आणि त्यातला वाटा दुकानदारालाही मिळू शकतो. म्हणून तर हॉटेलवाला इतक्या प्रेमाने विचारतो. वर गंमत अशी की रुपयांत बिल झालं तरी दुकान परदेशातलं असल्यामुळे आपल्याकडच्या बऱ्याच बँका त्यावर वेगळा आकार लावतातच. कार्डाचं स्टेटमेंट काढा, त्या तारखेचा गूगलचा दर शेजारी ठेवा, आणि जो न्याय आम्हाला लावलात तोच त्या हॉटेलला लावून बघा. आमच्यावर तुमचा राग दराचा फरक पाटीवर दिसला म्हणून आहे. तिथे तो दिसला नाही, एवढंच.

परदेशात मशीनने विचारलं तर नेहमी तिथलंच चलन निवडायचं. थायलंडात बाथ, दुबईत दिरहम, सिंगापुरात तिथला डॉलर. एटीएमवरही हाच प्रश्न येतो, तिथे ‘कन्व्हर्जन नको’ हे बटण दाबायचं. बटण बहुधा कोपऱ्यात आणि फिकट असतं.

एटीएमचंही तुम्ही कौतुक केलंय. थायलंडात परदेशी कार्डावर दर खेपेला 220 बाथ किंवा त्याहून जास्त कापतात, रक्कम कितीही असो. 3,000 बाथ काढले तर शंभराला सात इथेच गेले, आणि आपल्या बँकेचा मार्कअप (दरावर लावलेला जादा आकार) वेगळा, तो साधारण दोन ते साडेतीन टक्के, त्यावर जीएसटी. काढायचेच तर एकदम मोठी रक्कम काढावी. रोज थोडे थोडे काढणं सगळ्यांत महाग.

मग करावं काय? माझं मत विचाराल तर हॉटेल आणि मोठी खरेदी कार्डावर, तीही तिथल्या चलनात. रस्त्यावरचं खाणं, टुकटुक, बाजार यासाठी नोटा. आणि एक कार्ड बॅगेत वेगळं. फॉरेक्स कार्ड (आधीच परकीय चलन भरून ठेवायचं कार्ड) घेतलंत तर ज्या देशात जाताय त्याच चलनात भरा. डॉलर भरलेलं कार्ड बाथमध्ये घासलं की पुन्हा बदलाचा भुर्दंड बसतो. आपले 25,000 रुपयांपर्यंत सोबत नेता येतात, ते असू द्यावेत. मध्यरात्री मुंबईला उतरल्यावर पनवेल गाठायला तेच उपयोगी पडतात.

उरलेल्या बाथचा दर कमी होता, बरोबर. विकायचा आणि घ्यायचा दर वेगळा असतो. दोन्ही पाटीवर लिहिलेले आहेत, काचेच्या मागे, पंख्याखाली. नाणी इथे कोणताच काउंटर घेत नाही, कारण ती पुढे कुणी आमच्याकडून घेत नाही. ती शेवटच्या दिवशी तिथेच पाण्याच्या बाटल्यांत संपवायची. नोटा लगेच मोडल्याच पाहिजेत असंही नाही. 2,000 डॉलरपर्यंतचं परकीय चलन पुढच्या प्रवासासाठी जवळ ठेवता येतं. त्यावरचं मात्र परतल्यापासून 180 दिवसांत परत करावं लागतं. हे तुम्हाला त्या दिवशी सांगितलं होतं, पण तुम्ही घाईत होता.

राहिलं ‘मुंबईतूनच घ्या’. बाथ मुंबई शहरात आमच्यापेक्षा स्वस्त मिळू शकतो, यात वाद नाही. मुंबईला कामानिमित्त जाणारच असाल तर तिथून घ्या, मला राग नाही. फक्त विमानतळावर आत शिरल्यानंतरच्या काउंटरवर अवलंबून राहू नका, तिथला दर सहसा सगळ्यांत चढा असतो. आणि कुठेही घ्या, दर विचारू नका, ‘इतके बाथ हातात पडायला सगळं धरून किती रुपये’ एवढंच विचारा. तो एक आकडा दोन दुकानांतून घेतला की कोण लुटतं ते पाच मिनिटांत कळतं.

आमच्याकडून हवे असतील तर निघायच्या चार-पाच दिवस आधी फोन करा, बाथ मागवून ठेवतो. दराच्या पाटीचा फोटो रोज सकाळी व्हॉट्सअ‍ॅपला असतो. तारा एक ठेवायचा की बदलायचा ते स्टेटमेंट बघून ठरवा.